तणहारी बाबांचा वाफा आणि माझा आलेख

मामीच्या कोबीच्या वाफ्याभोवती चाळीसेक माणसं टाचा उंचावून उभी होती. वाफ्यात नुसता कोबी, गवताची काडी नाही. शेजारच्या वाफ्यात नुसतं गवत, कोबी शोधावा लागत होता.

"मंत्रजल!" तणहारी बाबांनी झारी उंचावली. "मनातलं तण, रानातलं तण, दोन्ही साफ! आणि हे मी नाही, शास्त्र म्हणतं!"

शास्त्र म्हणजे मी, मामीची नुकतीच पदवीधर झालेली भाची. एका वाफ्याला मंत्रजल, दुसऱ्याला विहिरीचं पाणी देऊन मी रोज तण मोजलं आणि रंगीत आलेख काढला. तो आता बाबांच्या मांडवाला चिकटवला होता, खाली माझी सही. माझं पहिलंवहिलं प्रकाशन!

त्याच्या भरवशावर मामी विहिरीजवळचा तुकडा बाबांच्या आश्रमाला द्यायला निघाली होती. घर त्याच तुकड्यावर चालायचं.

वाफे खुरपणाऱ्या काकू माझ्याजवळ आल्या. "ताई, एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचारा की."

"बाबांच्या 'भूमिशुद्धी'त आधी नुसतं पाणी सोडून दहा दिवस थांबलो. गवत उगवलं, ते मी खुरप्यानं वरवर खरडलं. असं दोनदा. मग रोपं लावली आणि झारीनं फक्त बुंध्याशी पाणी. तुमच्या वाफ्यात?"

"लगेच रोपं लावली. पाटानं पाणी सोडलं."

"आणि खुरपं?"

"ते... मोजणीत नव्हतं."

"मग तुम्ही मंत्र नाही हो, माझे हात तपासले!"

 एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. मी मामीला गाठलं.

"मामी, शब्द देऊ नकोस. माझं चुकलं."

"आलेख तुझाच ना गं?"

"म्हणूनच सांगतेय. दोन महिने थांब."

पाण्याची अदलाबदल करून नवे दोन वाफे केले. एकात मंत्रजल, पण लगेच लागवड आणि पाटाचं पाणी. दुसऱ्यात विहिरीचं पाणी, पण काकूंची पद्धत. दोन महिन्यांनी मंत्राच्या वाफ्यात गुडघाभर तण होतं, काकूंच्या वाफ्यात बोटांवर मोजण्याइतकं.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"खुरपं कमी पडलं," काकू म्हणाल्या.

माणसं हसली. तुकडा मामीकडेच राहिला.

तणाचं बी मातीच्या वरच्या थरातून उगवतं. ते आधीच उगवू देऊन खरडलं, खोलातलं बी उकरून वर आणलं नाही आणि मधली माती कोरडी ठेवली, तर नवं तण येणार कुठून?

तेव्हा कुठलाही चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: याशिवाय आणखी काय केलं, आणि ते कुणी केलं? उत्तर द्यायला एखादी पदवीधर पुढे आली, तर जरा मोठ्यानं विचारा.