लिसिमाकोची बादली

"तुझा काय, कुणाचाच विश्वास बसणार नाही, पोरी," लिसिमाको म्हणाला, "पण नेवर उस्ताते ज्या ॲकॉर्डियनच्या जिवावर मोठा गवई झाला ना, ते मी मगरीच्या पोटातून काढलंय!"

यारित्सा शेजारच्या गावाहून आपलं बेसूर झालेलं ॲकॉर्डियन घेऊन सकाळीच आली होती. चिंचेखालच्या बाकावर बसून म्हातारा त्यातलं एकेक रीड कानशीने हलकेच घासत होता. नदीकाठच्या गावांतली निम्मी वाद्यं त्याच्याच हाताने सुरात आलेली. हात चालू झाला की त्याचं तोंडही चालू व्हायचं. उंबऱ्यात त्याची बायको एडिल्मा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"मगरीच्या?" यारित्साने विचारलं.

"होडी उलटली, ॲकॉर्डियन पाण्यात, आणि मगरीने आ केला. मग काय! ती श्वास घेई तसा पोटात भाता हले आणि सूर निघे. त्या सुराच्या मागे मी तीन दिवस चाललो. शेवटी गुदगुल्या केल्या, तेव्हा बाईने ओकलं."

"बाई होती हे कशावरून?"

"सूर धरून होती म्हणून. नर असता तर पहिल्याच वळणावर घसरला असता."

एडिल्मा नाकातून हसली. शेंगा सोलणं काही थांबलं नाही.

"मग मी चार दिवस बसून ते असं लावलं, असं लावलं, की तीन गावं पलीकडच्या विधवेने सूर ऐकला आणि काळे कपडे उतरवून न्हाव्याशी लग्न केलं! नेवर दुसऱ्या दिवशी गाणं ध्वनिमुद्रित करायला शहरात जाणार होता. लहानपणी एका ताटात जेवलेलो आम्ही. गळ्यात पडून म्हणाला, 'लिसी, गाण्यात तुझं नाव पुकारतो. आईची शपथ!'"

यारित्साचे डोळे मोठे झाले. या मुलखात गवई दोन ओळींच्या मध्ये आपल्या माणसाचं नाव मोठ्याने पुकारतो. एकदा ते तबकडीवर गेलं की लग्नात, खाणावळीत, बसमध्ये वाजत राहतं. माणूस गेला तरी नाव फिरतच असतं.

"मग? आलं नाव?"

कानस थांबली.

गाणं रेडिओवर पहिल्यांदा लागणार होतं, त्या दिवशी लिसिमाकोने लग्नातला सदरा पेटीतून काढून घातला होता. एडिल्माने अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा बोकडाचा रस्सा शिजवला होता. भर दुपारी चेपेच्या दुकानातल्या रेडिओभोवती सगळी गल्ली दाटीवाटीने उभी होती आणि लिसिमाकोला सर्वांत पुढे स्टुलावर बसवलं होतं. गाणं सुरू झालं. त्याने लावलेले सूर त्याने ओळखले, लेकरं ओळखावीत तसे. दुसरी ओळ संपली. नेवरने श्वास घेतला, तोही ऐकू आला. आणि मग हाक आली, "गुराढोरांचे राजे, आमचे गुमेर्सिंदो मालक!" कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी पातेलंभर रस्सा उरला.

"आलं की," लिसिमाको म्हणाला, "गुमेर्सिंदो मालकाचं. त्याने नेवरला वळू दिला होता म्हणे. मी काय दिलं होतं? नुसते सूर!"

"आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत, काका?"

"मी? अगं, मी पोट धरून हसलो! असा हसलो की स्टूल मोडलं. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, वळूवर बसून गेलास! पुढे भेटला तेव्हा मीच मिठी मारली. माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं, आजही काही नाही. गाणं ते गाणं. लागलं तर लागलं, नाही तर नाही!"

तेवढ्यात कोपऱ्यावर चेपेने रेडिओ मोठा केला. ॲकॉर्डियनचे चार सूर आले, स्वच्छ, एकही न घसरलेले. यारित्सा चमकून म्हणाली, "अय्या, हेच ना ते?"

लिसिमाकोने रीड फडक्यावर ठेवलं. भिंतीला टेकवलेली बादली उचलली.

"आलोच हं. जरा विहिरीवरून पाणी आणतो."

"बसा खाली," एडिल्मा म्हणाली.

तो बसला नाही. बादलीची कडी हातात धरून पाठमोरा उभा राहिला. पहिली ओळ संपत आली होती.

"मगर ऐकून घेतली मी," एडिल्मा शेंगांवरची नजर न काढता मोठ्याने म्हणाली. "विधवा ऐकून घेतली, न्हावी ऐकून घेतला. पण हे शेवटचं खोटं आहे, पोरी. एकतीस वर्षं झाली, हे गाणं लागलं की बादली उचलून परसात जातात. आणि ती विहीर बुजवून अकरा वर्षं झालीत."