टॉवरबाबाचं कवच

वरच्या तांड्यावर त्या दिवशी कोणाच्याच हातात मोबाइल नव्हता. सगळे मोबाइल परातीत होते. प्रेमसिंग नाईकांच्या दारापुढच्या लिंबाखाली भलीमोठी पितळी परात, परातीत अख्ख्या तांड्याचे फोन, पुढे विस्तवावर तूप-गुळाचा भोग जळतोय, आणि त्या धुरात डोळे मिटून बसलेले टॉवरबाबा. डोक्याला कानांवरून घट्ट आवळलेला भगवा फेटा, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि माळेत मधोमध ओवलेलं एक जुनं सिमकार्ड. तुम्हाला हसू येईल. तांड्यावर कोणी हसलं नाही.

"भूत आता पिंपळावर नाही राहत, माय!" बाबा गरजले. "पिंपळावरचं भूत रिटायर झालं! आता भूत लहरीत राहते. टॉवरवरून उतरते, मोबाइलात शिरते, कानातून थेट काळजात! त्यासाठी हे कवच."

कवच म्हणजे एक ॲप. ते फोनमध्ये टाकायचं काम बाबांचा चेला ऋतिक करी. घट्ट जीन्स, कपाळावर काळा टिळा, आणि जिभेला हाड नाही. "कंपनीच्या दुकानात हे भेटत नाही," तो सांगे. "काहून भेटल? कंपनीले तुम्ही गुलाम पाहिजे! आपलं कवच बाहेरून येते, थेट बाबांच्या हातून."

त्यानं आधी नाईकांचा फोन उचलला. दोन-चार बटणं दाबली तसा फोन थरथरला आणि पडद्यावर लाल त्रिकोण आला, खाली इंग्रजीत बारीक अक्षरं. ऋतिकनं फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला.

"पाह्यलं? पाह्यलं?" बाबांनी डोळे उघडले. "पीडा कळवळून राह्यली! म्हणते, मले हाकलू नका! लाल तोंड करून दात दाखवते! वाचू नको बेटा, दाब! 'तरीही टाका' दाब!"

ऋतिकनं दाबलं. त्रिकोण गेला. नाईकांनी परातीला हात जोडले आणि मग रांगच लागली. तांड्याची रीतच तशी. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून रानावनातून लदेणी चालायची, तेव्हा तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, ज्या वाटेनं जाईल त्याच वाटेनं तांडा जायचा. एकट्यानं वेगळी वाट धरली की वाघाच्या तोंडी. तेव्हा ते शहाणपणच होतं. आता बैल गेले, लदेणी गेली, वाघही टिपेश्वरच्या जंगलात राहिले. रीत मात्र जिथल्या तिथे.

रांगेत संगीता राठोड होती, पुढे तिची सासू चंदाबाई. संगीता सासूला याडीच म्हणे, म्हणजे आई. चंदाबाईनं सुनेचा फोन आपल्या फोनसोबत आधीच परातीत ठेवला होता. सुनेला विचारायची गरज तिला वाटली नाही.

आणि मग चमत्कार सुरू झाले. दर सोमवारी भोग, दर सोमवारी परात. बाबा डोळे मिटत आणि ज्याच्या त्याच्या घरातलं बोलत. नाईकांना म्हणाले, "मुकुटबनच्या साडूसोबत जमिनीवरून वाजलं ना तुझं?" वाजलं होतंच. चंदाबाईला म्हणाले, "तुझा पोरगा बादल आत्ता पांढरकवड्याच्या ढाब्यावर हाय. ट्रकचं टायर फुटलं." परातीतून फोन काढून लावला तर खरंच! चंदाबाई बाबांच्या पायावर कोसळलीच. त्यानंतर कोणाच्या घरून बकरं गेलं, कोणाच्या गळ्यातली चांदीची हांसळी. बाबा नको नको म्हणत घेत.

संगीताला बोलावणं आलं ते अंगारा द्यायच्या निमित्तानं. बाबांनी तिच्या कपाळाला बोट लावलं आणि हळूच म्हणाले, "पोटात तांब्याचा काटा रोवून घेतला ना, बेटी? सासूले सांगू?"

संगीतानं दचकून सासूकडे पाहिलं; ती लांब होती. दुसऱ्या मुलीच्या वेळी रक्त इतकं कमी झालं होतं की डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, "एवढ्यात तिसरं नको, जीव जाईल." याडीला तर नातू हवा होता, तोही याच वर्षी. म्हणून संगीतानं कोणाला न सांगता तांबी बसवून घेतली होती. नवऱ्याला, बादलला माहीत नाही, माहेरी माहीत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरचा तेवढा एक मेसेज आला होता, 'तांबी बसवून महिना झाला, तपासायला ये.' तोही तिनं वाचल्या वाचल्या पुसून टाकला होता. आणि ह्या माणसाला कळलं? म्हणजे हा खरंच आतलं पाहतो!

"घाबरू नको," बाबा गोड हसले. "तू शिकलेली पोट्टी. घरोघरी जाय, शेजारच्या तांड्यावर जाय, बायांच्या मोबाइलमध्ये कवच टाक. तू बी गप, मी बी गप."

झालं! त्या दिवसापासून संगीताच्या गळ्यात दावं पडलं. सकाळी कापूस वेचायचा, दुपारी बायांचे फोन घ्यायचे, लाल त्रिकोण आला की बाबांचंच वाक्य बोलायचं, "पीडा कळवळून राह्यली, मावशी." बोलताना तिची जीभ जड व्हायची. बाया तिला आशीर्वाद द्यायच्या, ते तर अगदीच सोसवत नसे. एकदा तिनं स्वतःच्या फोनमधलं कवच काढायचा प्रयत्न केला. ते हलेचना. काढायचं बटणच मेलं होतं. मग चिडून तिनं फोन ज्वारीच्या कोठीत खुपसला नि वर झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी वाटेत गाठलं. "फोन अंधारात काहून ठेवते, बेटी? त्याचा जीव गुदमरते ना."

त्यानंतर ती फोन बंदही करेना आणि लपवेहीना. उठता बसता तो उशाशी, कमरेला, चुलीपाशी. मुलींशी बोलतानाही ती त्याच्याकडे पाही. आपल्याच घरात ती चोरासारखी वावरू लागली. हे लपवावं तर बाबा, सांगावं तर याडी. इकडे आड, तिकडे विहीर.

एक दिवस बाबांचा हुकूम आला, "शाळेच्या मॅडमचा फोन राह्यला."

मंजुषा मॅडम महागावहून रोज स्कूटीनं यायच्या. संगीता त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. फोन मागितला तसा त्यांनी दिला, पण हातात न देता टेबलावर ठेवला आणि चष्मा लावून शेजारी बसल्या. लाल त्रिकोण आला.

"पीडा कळवळून..." संगीता पुटपुटली.

"थांब गं. वाचू तर दे." मॅडमनी मोठ्यानं मराठीत वाचलं, "'हे ॲप कोणी बनवलं ते ठाऊक नाही. तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.' ही पीडा नाही बाई, हा फोन ओरडून सांगतोय की घरात अनोळखी माणूस घेऊ नका." पुढचं पान त्यांनी आणखी सावकाश वाचलं. "ह्याला मेसेज वाचायची परवानगी पाहिजे. कॅमेरा पाहिजे. आवाज ऐकायचा आहे. मी कुठे आहे ते पाहिजे. अगं, भूत हाकलणाऱ्याला माझे मेसेज कायले पाहिजेत?"

 संगीतानं स्वतःचा फोन मुकाट्यानं वर्गाच्या कपाटात ठेवला, मॅडमना हातपंपापाशी ओढत नेलं आणि विचारलं, "मॅडम, पुसलेला मेसेज बी वाचते का थे?"

"आल्या आल्या वाचून तिकडे पाठवला असेल, तर मागून पुसून काय उपयोग? चोर गेल्यावर कडी लावण्यासारखं."

"आन् फोन कोठीत ठेवला तर?"

"कॅमेऱ्यातून काळोख दिसेल. आणखी काय?"

संगीता हातपंपाच्या ओट्यावर मटकन बसली आणि हमसून रडली. बाबाला तिच्या पोटातलं काही दिसत नव्हतं! नुसता मेसेज! तिला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. कारण पुढचं तिच्या लगेच ध्यानात आलं. बाबाचं ढोंग उघडं करायचं तर तो मेसेज उघडा करावा लागेल. बाबाला पाडायचं म्हणजे स्वतःच चव्हाट्यावर उभं राहायचं. ढोंग कळलं होतं, पण दावं काही सुटलं नव्हतं.

तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं खरं आहे ते राहू दे बाजूला. आपण त्याला खोटं खाऊ घालू. खोटं पचलं की नाही ते तांडाच ठरवेल. मी तुला एक मेसेज पाठवते. तुमच्या घरातलं असं काहीतरी सांग, जे कधी घडलंच नाही."

"बादलची पयली बायको मेली म्हणून लिहा," संगीता डोळे पुसत म्हणाली. "तिचं भूत घरात फिरते म्हणून."

"नाव काय लिहू?"

तेवढ्यात समोरून चंदाबाईची शेळी कुंपणाकडे निघाली होती. "सोनू लिहा," संगीता म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

सोमवारी पुन्हा परात, पुन्हा भोग. ह्या खेपेला शेजारच्या तांड्यांवरचेही लोक आले होते. ऋतिक बाजूला आपल्या फोनमध्ये डोकं खुपसून पुटपुटत होता, मंत्र म्हणत असावा तसा. बाबांनी डोळे मिटले, मान झटकली आणि हात थेट चंदाबाईकडे केला.

"चंदाबाई! तुझ्या घरात एक बाई फिरते! मेलेली, उपाशी! तुझ्या बादलची पहिली बायको!"

चंदाबाईचा आ वासलेलाच राहिला. "कोन?"

"लपवू नको! नाव सांगू? स... सो... सोनू!"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मग चंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो बाबा, माह्या बादलचं लगन एकच झालं! हा सारा तांडा नाचला त्यात! आन् सोनू माही बकरी व्हय! थे पाहा, नाईकाचं कुंपण खाऊन राह्यली!"

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. सोनूनं निवांत पाला ओढला. आधी पोरं हसली, मग बाया पदर तोंडाला लावून, आणि मग अख्खा तांडा. बाबांनी रागानं ऋतिककडे पाहिलं. ऋतिक गडबडून फोन दाखवत म्हणाला, "पण मेसेजमधी तसंच लिहून हाय ना!"

हसू एकदम थांबलं. प्रेमसिंग नाईक जागेवरून उठले. "कोनत्या मेसेजमधी रे?"

मंजुषा मॅडम पुढे आल्या. "मी संगीताला पाठवलेल्या. मुद्दाम खोटा लिहिलेल्या. नाईक, तुमच्या साडूचा मेसेज, बादलचा टायर फुटल्याचा मेसेज, सगळं त्या कवचातून आधी ऋतिकच्या फोनमध्ये जातं. तुमचे फोन परातीत, म्हणून तुमच्याआधी ह्यांना कळतं. तो पुटपुटतो, आणि ह्यांच्या फेट्यात..."

वाक्य पुरं व्हायच्या आत चंदाबाईनं फेट्याला हिसका दिला. बाबांच्या कानातून हरभऱ्याएवढं एक यंत्र निघालं आणि भोगाच्या राखेत पडलं.

बाबा ताडकन उठले. चेहऱ्यावरचा गोडवा पार गेला होता. "हसा! खुशाल हसा! पण ह्या सुनेले इचारा, पोटात काय..."

"मीच सांगते!" संगीता ओरडली. इतका मोठा आवाज तिचा तिनंच कधी ऐकला नव्हता.  "याडी, मी तांबी बसवली. डॉक्टरीण बाई म्हणे, एवढ्यात तिसरं झालं तर जीव जाईल. तुमाले सांगतलं नाही. सिस्टरचा मेसेज ह्यानं चोरून वाचला आन् मले धाक घातला, म्हणून मी तुमच्या साऱ्यांच्या मोबाइलमधी हे घाण टाकत फिरली. आता काय बोलाचं थे बोला."

 चंदाबाईचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी आयकलं असतं का?"

 खरं उत्तर चंदाबाईलाही माहीत होतं. मग ती बाबाकडे वळली. "माह्या सुनेचं दुखणं माह्या घरचं हाय. मी तिच्याशी भांडीन नाहीतर तिले जवळ घेईन. तू कोन रे मुडद्या, बायांच्या पोटातलं चोरून वाचनारा?"

बाबा आणि चेला वाटेला लागले होते, पण नाईकांनी त्यांना पोलीस येईस्तोवर बसवून ठेवलं. पाणी मात्र दिलं. तांड्यावर आलेल्याला पाणी द्यायची रीतही जुनीच आहे, आणि ती चांगली आहे.

मॅडमनी मग लोकांना सांगितलं. "ऋतिक एक गोष्ट खरी बोलला. कंपनीचं दुकान म्हणजे काही देवाचं देऊळ नाही. तिथेही लबाड घुसतात. आणि बाहेरचं सगळं वाईटही नसतं. पोरांसाठी गोरबोलीतल्या, तुमच्या तांड्याच्या बोलीतल्या गाण्यांचं ॲप मी स्वतः बाहेरून घेतलंय, पण ते बनवणारा मला माहीत आहे, आणि ते माझे मेसेज मागत नाही. दारात अनोळखी पाहुणा आला तर आपण विचारतो ना, कोणाचा, कुठला, काय काम? मोबाइलात शिरणाऱ्यालाही तेवढंच विचारा. त्यानं कामापेक्षा जास्त मागितलं की दार लावून घ्या."

कवच काढायची रीत त्यांनी एकदा करून दाखवली. आधी सेटिंगमध्ये जाऊन त्याला फोनवर दिलेला मुख्य हक्क काढून घ्यायचा, मग ते निमूट निघतं. परातीभोवती पुन्हा रांग लागली. सवयीनं सगळे नाईकांकडे पाहू लागले.

"माह्याकडे काय पाह्यता?" नाईक म्हणाले. "मी पुढं गेलो म्हणूनच तर सारे खड्ड्यात पडलो. ह्या पोरीचा पयले काढा."

पण चंदाबाई आडवी आली. तिनं परातीतून स्वतःचा फोन उचलला आणि सुनेच्या हातात ठेवला. "पयले माहा काढ. तुहं-माहं घरी पाहू."

घरी काय झालं ते इथे सांगत नाही. भांडण झालं, एवढं खरं. पण ते दोघींचं भांडण होतं, तिसरं कोणी ते ऐकत नव्हतं. आणि पुढच्या तपासणीला संगीता दवाखान्यात गेली तेव्हा धाकटीला कडेवर घेऊन याडी बाहेरच्या बाकावर बसली होती, फुगलेल्या तोंडानं का होईना.

तेव्हा बाप्पांनो, लाल अक्षरं दिसली तर ती वाचा. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला विचारा, त्यात लाज कसली? आणि कोणी म्हणालं, "वाचू नको, दाब," तर बोट तिथल्या तिथे मागे घ्या. खऱ्याला तुम्ही वाचल्याची भीती वाटत नाही.