मनगटाला सोसेल इतकं

“मावशी, सगळंच उगवलंय हो.”

प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीने प्लेट खिडकीकडे धरली. काल स्वच्छ असलेल्या जेलीवर जिवाणूंची साय धरली होती. तिने जिवाणूंत नवं जनुक सोडलं होतं आणि खूण म्हणून जिवाणू मारणाऱ्या औषधाला दाद न देणारं दुसरं जनुक त्याला जोडलं होतं. ज्यांनी ते घेतलं तेवढेच या औषध घातलेल्या प्लेटवर जगायला हवे होते. इथे सगळ्यांचीच चंगळ झाली होती.

“औषधच जुनं असणार,” ती रडवेली झाली. “माझ्याकडे त्या जनुकाचा एकच थेंब उरलाय. परवा सरांना काय दाखवू?”

मावशी गप्प राहिल्या असत्या तर खपून गेलं असतं. सव्वीस वर्षं इथल्या प्लेटा त्याच ओतत होत्या. त्यांच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

“औषध चांगलं होतं गं. मीच ते कढत मीडियात, जेली पातळ असतानाच घातलं, त्याचा जोरच गेला,” त्या म्हणाल्या. “लेकीचा फोन आला होता. यंदाही यायला जमत नाही म्हणाली. मग माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.”

नात आठ महिन्यांची झाली होती. मावशींनी तिला फोनच्या काचेतच पाहिलं होतं. एकदा तरी मांडीवर घ्यावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता.

त्यांनी मीडिया नव्याने शिजवला. तो निवला का हे पाहायला बाटली त्या राहून राहून मनगटाच्या आतल्या बाजूला लावत होत्या. थर्मामीटर कपाटात कोरा करकरीत पडून होता.

“फार थांबलो तर घट्ट होईल ना?” मुलीचा जीव खालीवर होत होता.

“होतं. पण लेकीचं दूध असंच बघायचे. एकदाही पोळली नाही.”

मग त्यांनी औषध घातलं आणि प्लेटा ओतल्या. मुलीने उरलेला थेंब जिवाणूंत सोडून ते त्यांवर पसरले.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर दूरदूर पाच पांढरे ठिपके होते. बाकी सगळी जागा मोकळी.

“मावशी, पाच आलेत,” म्हणत मुलगी सरांच्या खोलीकडे धावली.

मावशी हसल्या आणि बाटल्या धुवायला वळल्या. गरम पाण्यातून एक रिकामी बाटली काढली, आणि सवयीने मनगटाला लावली. दुधाला हवी तेवढीच कोमट होती.