सुईनं मोठं केलेलं छिद्र

चार वाजता दवाखान्यात ढब्बीला वजनकाट्यावर ठेवायचं होतं, आणि अडीच वाजता तिनं दिवसातलं तिसरं दूध टाकलं. टाकलं म्हणजे ओठांच्या कडेनं ओघळलं असं नव्हे. पाइप फुटावा तसं भसकन आलं. बापाचा शर्ट भिजला, खिसा भरला, आणि खोलीभर तो आंबट वास पसरला. पंधरवडाभर तो वास घरातून हललाच नव्हता.

जन्मली तेव्हा मनगटाला वळ्या होत्या म्हणून ढब्बी. आता अडीच महिन्यांत वळ्या गेल्या, कातडी उरली आणि नाव तेवढं टोचत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात सरळ सांगितलं होतं, अन्ननळीच्या खालची झडप अजून कच्ची आहे, बऱ्याच बाळांची असते, वयाबरोबर घट्ट होते. पण आज वजन आणखी उतरलं तर भरती करायचं, आणि नाकातून पोटात नळी.

झडप, नळी, गळती. याच तीन शब्दांवर ढब्बीचा बाप आजवर पोट भरत आला होता. प्लंबर होता. लोकांच्या भिंतीला कान लावून पाणी कुठे झिरपतंय ते सांगायचा. आणि स्वतःच्या मांडीवरच्या वीतभर पोरीपुढे त्यानं हात टेकले होते.

त्याची बायको आठ दिवसांपूर्वी लाँड्रीत कामाला परत लागली होती, इस्त्रीच्या मशीनवर. रात्री ती पोरीला अंगावर पाजायची, तेव्हा पोर थोडंसंच टाकायची. दिवसासाठी ती दूध काढून ठेवून जायची, ते बाटलीनं त्याची आई पाजायची, आणि त्यातलं निम्मं बाहेर यायचं. आईचा निकाल पहिल्या दिवशीच लागला होता. दूध बाईचं, म्हणजे दोष बाईचा. ही काय वाटेल ते खाते आणि पोरीच्या पोटात ढवळतं. मग बायकोनं आधी तिखट सोडलं, मग डाळ, मग भाज्या, मग चहासुद्धा. काल मशीनपुढे तिला भोवळ आली. त्याला कळलं, आणि तो गप्प बसला. आई आणि बायकोच्या मध्ये सापडलेला पुरुष दोन्हीकडून मार खातो म्हणतात. साफ खोटं. तो मजेत असतो. मार बायको खाते.

आज त्यानं सुट्टी घेतली होती. दवाखान्यात तो पोरीला नेणार, बायको कामावरून परस्पर येणार. तीन वाजता त्यानं आणखी एक बाटली पोरीच्या तोंडाला लावली. पोरीचे डोळे मोठे झाले, मुठी वळल्या, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून दूध वाहू लागलं. आई कौतुकानं म्हणाली की बघ कशी ओढतेय, भूक मेली नाहीये पोरीची.

त्यानं नुसतं ऐकलं. घट, घट, घट. मध्ये श्वासाला जागाच नव्हती. ही पोर ओढत नव्हती, बुडत होती.

त्यानं बाटली काढून घेतली, मोरीपाशी नेली आणि उलटी धरली. थेंब पडायला हवा होता. धार लागली. बारीक, सरळ, न तुटणारी. रोज संध्याकाळची बाटली तोच पाजायचा. आठ संध्याकाळी ही बाटली त्याच्या हातात होती आणि धंद्यानं प्लंबर असलेल्या या माणसानं एकदाही ती उलटी करून पाहिली नव्हती. बाकीची दोन्ही निपलं त्यानं खिडकीच्या उजेडात धरली. तिन्हींची छिद्रं गोल, सारखी, आणि कडा काळपट. जळलेल्या.

चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या बाईचं काम होतं ते. त्यात चूक सापडणं अवघड.

"आई, सुई तापवून केलंस?"

 ती सांगत गेली. डॉक्टरीणबाईंनी दूध घट्ट करायची पूड दिली होती ना, ते घट्ट दूध छिद्रातून उतरेना. पोर ओढून ओढून दमायची, रडून काळीनिळी व्हायची. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिनं सुई घेतली. वाईट हेतू नव्हता. आणि दूध उतरलं की.

सगळं खरं होतं. पण चारच दिवसांत पोरीची शी कडक झाली म्हणून बाईंनी ती पूड बंद केली. दूध पुन्हा पातळ झालं. छिद्रं तेवढीच राहिली.

"पूड थांबली तेव्हा तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं."

"मग?"

आईनं पदराला हात पुसले, कोरडेच होते. "तोवर मी तिला इतकं बोलून बसले होते."

आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "तिला सांगू नकोस. पोरीला हात लावू द्यायची नाही ती मला."

त्यानं भुकेल्या पोरीला दुपट्यात गुंडाळलं, एक निपल खिशात टाकलं आणि निघाला. पोर दवाखान्यापर्यंत रडत होती.

बायको आधीच बाकावर बसलेली होती, गालांची हाडं वर आलेली. काट्यानं नव्वद ग्रॅम कमी दाखवले. डॉक्टरीणबाईंनी भरतीचा कागद ओढला. तेव्हा त्यानं निपल टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, छिद्र मोठं आहे, दुकानातूनच तसं आलं असावं.

निघालं तोंडातून. इतकं सोपं असतं ते. बाईंनी निपल उचललं, काळी कड पाहिली, त्याच्याकडे पाहिलं.

बायकोनं निपलाकडे बघितलंही नाही. "म्हणजे माझ्या दुधानं नाही?"

"दुधात काहीच नाही," बाई म्हणाल्या. "खाणं सोडायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

 तिनं नाव घेतलं नाही. सासूला तिनं सांभाळून घेतलं, तेही दवाखान्यात, भोवळ आलेल्या अंगानं. ते त्याला सहन झालं नाही.

"दुकानातून नाही आलं. आईनं केलं," तो म्हणाला. "तिला माहीत होतं. मला आज कळलं, आणि आत्ता मी खोटं बोललो."

बाईंनी कागद तसाच ठेवला. नर्सनं नवं, बारीक छिद्राचं निपल आणलं. इथेच पाजा, माझ्यासमोर, बाई म्हणाल्या. नेहमीच्या निम्मं, सावकाश, मध्ये ढेकर. मग अर्धा तास उभी धरायची. दूध पोटात राहिलं तर परवापर्यंत घरी न्या, पुन्हा वजन बघू. सगळं बाहेर आलं तर मी थांबणार नाही.

बायकोनं पाजलं. वीस मिनिटं लागली. थेंब थेंब. पोरीनं चिडून पाय झाडले, मग दमानं घेऊ लागली. बाटली संपली तसं तिनं पोरीला त्याच्या खांद्यावर दिलं.

"आठ दिवस मी स्वतःला विष समजत होते, आणि तू समोर बसून जेवत होतास. उभी धर," म्हणाली, आणि बाहेर निघून गेली.

तो भिंतीला पाठ न लावता उभा राहिला. हात बधिर झाला.  वीस मिनिटं झाली असतील, तेव्हा खिशातला फोन थरथरला. त्यानं मोकळ्या हातानं कानाला लावला. आईनं वजन विचारलं नाही.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

 मग, "दूध राहिलं का रे पोटात?"

"अजून दहा मिनिटं आहेत."

फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही. पोरीनं एकदा तोंड वेडंवाकडं केलं. त्याच्या मानेवर चमचाभर गरम ओघळ आला.  नर्सनं फडक्यानं पुसून मान हलवली, एवढं चालतं. पुढे काही आलं नाही. पोर झोपली.

अर्धा तास भरला तेव्हा बायको आत आली. पोर उचलून घेताना त्याच्या कानाला लागलेला फोन तिनं पाहिला. कोण आहे ते विचारावं लागलं नाही.

"त्यांना सांग, पोर घरी येतेय," ती म्हणाली. "बाटली मी पाजणार. त्यांनी शेजारी बसून बघायचं."