पेशी दिसल्या होत्या

तमिळ मुलखात, पेरुंगुडीतल्या एका खासगी लॅबमध्ये श्रीलक्ष्मी बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. चार वर्षांच्या अदितीच्या लघवीतून रक्त जायचं, म्हणून नमुना आला होता. त्यात गडद, गोल पेशींचे दाट पुंजके दिसले; हा ट्यूमर असावा, अशी श्रीलक्ष्मीला शंका आली. स्लाइड घेऊन ती रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉ. रघुरामांकडे गेली.

"जंतुसंसर्गातही अशा दिसतात," ते म्हणाले.

"सर, पोटाची सोनोग्राफी करा, एवढं तरी लिहा."

"लघवीत ट्यूमर सापडतो कितीदा? उगाच लोकांना घाबरवू नका."

रिपोर्ट गेला : कर्करोगाच्या पेशी नाहीत.

दोन दिवस श्रीलक्ष्मीला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी तिने नियम मोडून अदितीच्या आईला, कल्पनाला, फोन लावला. कल्पना मूळची नाशिकची. श्रीलक्ष्मीचं तंजावरकडचं जुन्या वळणाचं मराठी ऐकून ती आधी हरखली.

"भिऊं नका अम्मा, पण पोरीच्या पोटाचं स्कॅन करा. उशीर नको."

"अहो, पण रिपोर्ट तर चांगला आलाय!"

संध्याकाळी कल्पनाच्या नवऱ्याने, उपेंद्रने, लॅबकडे तक्रार केली : तुमची बाई तपासण्या वाढवायला घाबरवते. लॅबने श्रीलक्ष्मीकडून माफीनामा लिहून घेतला. पुन्हा फोन केलास तर घरी बस, असंही बजावलं. तिने केला नाही.

अडीच महिन्यांनी कल्पना आणि उपेंद्र ती स्लाइड न्यायला आले. अंघोळ घालताना कल्पनाच्या हाताला अदितीच्या पोटात गाठ लागली होती. मूत्रपिंडाचा ट्यूमर, आता फुप्फुसांतही पोचलेला. मोठ्या इस्पितळाला जुनी स्लाइड पाहायची होती.

रघुराम केबिनबाहेर आलेच नाहीत. श्रीलक्ष्मीने स्लाइड डबीत घालून दिली.

"तुम्ही सांगितलं होतंत," कल्पना पुटपुटली.

उपेंद्रचा आवाज चिरकला. "एकदाच का? पुन्हा का नाही सांगितलंत?"

'तुमच्यामुळेच' हा शब्द श्रीलक्ष्मीच्या ओठांवर आला. पण त्या बापाचं तोंड बघून तिने तो गिळला. शिवाय, नोकरीला भिऊन गप्प बसली ती स्वतःच.

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि सहीसाठी वही पुढे सरकवली.

उपेंद्रने सही केली. सोमवारपासून किमो सुरू होणार होती. अदिती वाचेल, अशी खात्री इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिली नव्हती.