पलंगापासून खुर्चीपर्यंत

स्तोईमेनची सत्तरी उलटली होती, तरी त्याचे खांदे बघून लोक अजून वाट सोडायचे. काळ्या समुद्राकाठच्या मिठागरात तीस वर्षं ओल्या मिठाच्या टोपल्या वाहिलेला गडी तो. आणि त्याला हॉस्पिटलातली ती व्यायाम शिकवणारी पोरगी, रालित्सा, असेल जेमतेम पन्नास किलोची, सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "आजोबा, तुम्हाला माणूस हलवताच येत नाही."

डोकंच फिरलं म्हाताऱ्याचं. "मला? अगं, तुझ्यासारख्या दोन पोरी एका खांद्यावर घालून नेईन!"

"तेच तर चुकतंय. आजी काय मीठ आहे का?"

पलंगावर त्याची बायको झ्लातिना खुदकन हसली. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं तिच्या, म्हणून हसू अर्ध्याच तोंडानं आलं. पण आलं. बायकोच तिकडून हसायला लागली तर माणसानं जायचं कुठं?

मंगळवार होता तो. त्यानं तिला दोन्ही काखांत हात घालून उचललं होतं, एका दमात, टोपली उचलावी तसं. ती अशी ओरडली की शेजारच्या पलंगावरच्या बाईचा चहा सांडला. लुळा खांदा निखळता निखळता राहिला.

आणि शुक्रवारी परीक्षा. स्तोईमेननं एकट्यानं तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून परत पलंगावर धड बसवून दाखवायचं. जमलं तर रालित्सा कागदावर सही करणार, आणि सोमवारी झ्लातिना घरी. नाही तर डोंगरापलीकडचा वृद्धाश्रम. लेकानं जर्मनीतून फोन करून तिथं जागापण धरून ठेवलेली. जायला दोन बस बदलायच्या. म्हणजे आठवड्यातून एकदा भेट, तीसुद्धा ह्याचे गुडघे चालले तर.

"शिकव मला," बुधवारी तो झ्लातिनाला म्हणाला. असं म्हणायला त्याला संसाराची त्रेचाळीस वर्षं लागली.

कारण ही विद्या तिची होती. गावात मिठागराला लागून चिखलस्नानाचं घर होतं, तिथं तिनं सव्वीस वर्षं काढली. काय दिवस होते ते! उन्हाळ्यात बसच्या बस भरून आजारी माणसं यायची. कंबर मोडलेले खाणकामगार, सांधे धरलेल्या शिवणकामाच्या बायका. सगळीकडे तो काळा गरम चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास. रेडिओ दिवसभर केकाटत असायचा. आणि झ्लातिना, काडीसारखी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून शंभर किलोचा खाणकामगार बाकावरून टबात नेऊन सोडायची. स्तोईमेन संध्याकाळी सूर्यफुलाच्या बिया फोडत फाटकाशी उभा राहायचा नि तिला चिडवायचा, "आज किती रेडे उचललेस?"

"उचलते कशाला? त्यांनाच उठायला लावते."

तो हसायचा. बायकांचं काहीतरी, वाटायचं त्याला. मिठागरात माणसाची किंमत एकाच गोष्टीवर ठरायची, टोपली मध्येच खाली टेकवली का नाही. एकदा ठेवली की चिखल लागला मिठाला, आणि मग महिनाभर सगळे त्याला 'टेकव्या' म्हणणार. स्तोईमेननं एकदाही टेकवली नव्हती. चिखलस्नानाचं ते घर आता बंद पडलंय, दाराला गंजकं कुलूप. पण तिच्या तोंडात सगळं शाबूत होतं.

"खुर्ची माझ्या धड बाजूला. उजवीकडे रे! ब्रेक लाव. पाय ठेवायच्या पट्ट्या काढ, नाहीतर तूच अडखळून पडशील. मला कडेला सरकव. आता माझा लुळा गुडघा तुझ्या गुडघ्यानं अडव. हात माझ्या कमरेच्या पट्ट्याला. काखेत नाही, गाढवा!"

"बरं, बरं."

"मी पुढं झुकते. नाक पायाच्या बोटांच्या पुढं गेलं की बूड आपोआप हलकं होतं. तू फक्त माझ्याबरोबर ये. ओढू नकोस."

गुरुवारपर्यंत तेरा वेळा केलं त्यांनी. चौदाव्यांदा ती उठली तेव्हा त्याच्या हातांना वजनच लागलं नाही. तो चकितच झाला. सव्वीस वर्षं ही फाटकातून दमून बाहेर यायची आणि आपण नुसत्या बिया फोडत उभे. एकदासुद्धा आत जाऊन बघितलं नाही.

शुक्रवारी रालित्सा कागद घेऊन आली, हाताची घडी घालून भिंतीला टेकली. पलंगावरून खुर्चीत, एकदम झकास. शेजारच्या बाईनं टाळ्या वाजवल्या.

परत येताना घोटाळा झाला. झ्लातिना अर्धी उठली, आणि तिचा धड पायच दमून थरथरायला लागला. ती खाली खचायला लागली. पलंग अजून हातभर लांब, खुर्ची मागं राहिलेली. स्तोईमेनचे हात आपोआप काखेकडे गेले. एक हिसका, बस. एवढ्यानं ती पलंगावर असती आणि सोमवारी घरी.

"सोड," ती त्याच्या कानात म्हणाली. "खाली सोड मला."

"नाही."

"स्तोईमेन. खांदा जाईल माझा."

त्यानं एक पाय मागं घेतला. मांडी पुढं केली, तिला छातीशी धरलं, आणि त्या मांडीवरून हळूहळू, घसरगुंडीसारखं, फरशीवर उतरवलं. डोकं शेवटपर्यंत हातात. मग स्वतःही मटकन बसला. कान लाल झाले होते त्याचे. सगळ्या वॉर्डासमोर टेकवली त्यानं.

"लागलं का?"

"छे." तिनं धड हातानं त्याचा गाल पुसला. तिथं काय होतं ते तिलाच माहीत.

रालित्सा जागची हलली नव्हती. "आता काय करणार, आजोबा?"

त्यानं स्वतःच्या पंजांकडे बघितलं. हे पंजे असताना कुणाला हाक मारायची म्हणजे... मग म्हणाला, "आता हिच्या डोक्याखाली उशी घालणार. आणि शेजारच्याला हाक मारणार. एकट्यानं नाही उचलणार."

"शेजारी कोण आहे?"

"किरचो. मूर्ख आहे. पण हाकेला येतो."

रालित्सानं उशी आणून दिली नि कागद भिंतीला लावून पेन काढलं. "घरी पडणार तर आहेतच त्या, एखाद दिवशी. तेव्हा तुम्ही काय कराल, एवढंच मला कळत नव्हतं. थांबा, नर्सला बोलावते, मग उठवू."

"थांब गं पोरी," झ्लातिना फरशीवरून म्हणाली. उशी नीट मानेखाली ओढून घेत, ऐसपैस. "आधी सही कर. मग उठते."