जाहिरातीत वारलेले उस्ताद

सकाळपासून तिसरा माणूस त्रिंबकला धीर देत होता, आणि धीर कशाबद्दल ते सांगायला एकही जण तयार नव्हता.

पहिला फोन माजलगावच्या एका वाइंडरचा आला. वाइंडर म्हणजे विजेच्या जळालेल्या मोटारीतली तार उपसून नवी भरणारा माणूस. त्रिंबकचाही धंदा तोच, गेवराईत त्याचं दुकान. तर तो माजलगावचा 'लई वाईट झालं, जिवाला जपा' एवढंच बोलला आणि त्यानं फोन ठेवून दिला. मग तसाच एक फोन परळीहून आला. तिसरा तर टपरीवर चहा पिताना भेटलेला साफ अनोळखी मेकॅनिक. त्यानं त्रिंबकच्या पाठीवर हात ठेवला, मान हलवली, आणि गाडीला किक मारून चालता झाला. आता याला काय म्हणावं?

त्रिंबक तडक घरी गेला. बायको सुनिता भाकरी थापत होती, पोरगी आरोही खेळायला गेलेली, आई चंद्रभागाबाई ओट्यावर मेथी निवडत बसलेली. सगळं जागच्या जागी. आई, तुला बरं हाय ना, असं त्यानं विचारलं तर म्हातारी उखडली. मला काय धाड भरलीय, म्हणाली. सुनितानं तिच्या मोबाइलवर शोधून पाहिलं. तिथं मसाल्याच्या रेसिपी आणि साड्यांचे सेल. त्रिंबकच्या मोबाइलवर नुसत्या बालकविता, कारण तो मोबाइल संध्याकाळभर आरोहीच्याच हातात असतो. गल्लीत विचारलं, किराणावाल्याला विचारलं. कुणालाच काही माहीत नाही. म्हणजे गावात काहीच झालेलं नाही, आणि बाहेरगावच्या वाइंडरांना मात्र सगळं माहीत. त्रिंबकचं डोकं चालेना.

अकराच्या सुमाराला तो दुकानात परतला तोच धर्मापुरीहून बंकटचा फोन आला. बंकट त्याचा गुरुबंधू. दोघांनी तलवाड्याच्या सुंदरराव उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेली. एका पोत्यावर बसून कॉइली वळलेल्या, एकाच चुकीसाठी दोघांनी मिळून शिव्या खाल्लेल्या. बंकटचा आवाज बसला होता.

"कळवायचं तरी बे, त्रिंबक. मातीला आलो असतो की."

"कुणाच्या मातीला?"

"उस्तादाच्या. आणखी कुणाच्या?"

त्रिंबक मटकन खाली बसला. पायाखाली व्हार्निशचा डबा लवंडला, त्याचंही भान राहिलं नाही. उस्ताद गेले? कधी? त्यानं विचारलं, तेव्हा बंकट चिडलाच. अरे, तूच तर सांगितलंस, म्हणाला. तूच रडलास, सगळ्या जिल्ह्यानं बघितलं, आणि आता मलाच विचारतोस?

इथं एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय त्रिंबक एवढा का हादरला ते कळायचं नाही. आमच्याकडे या कामात एक रीत आहे. चेल्यानं स्वतःचं दुकान टाकायचं तर आधी उस्तादाकडे जायचं, पाया पडायचं, आणि उस्ताद दाखवेल त्या गावात टाकायचं. त्रिंबकनं चार वर्षांपूर्वी गेवराईत जागा मिळाली म्हणून घाईघाईत दुकान टाकलं, न विचारता. तलवाड्याच्या निम्म्या मोटारी त्या दिवसापासून गेवराईला यायला लागल्या. नारळ फोडायला उस्तादांना बोलावलं, ते आले नाहीत. भांडले नाहीत, शिवीसुद्धा दिली नाही. ज्या माणसानं सहा वर्षं उठता-बसता शिव्या दिल्या तो गप्प बसला, म्हणजे काय ते त्रिंबक समजून चुकला. त्याला तोंड दाखवायची लाज वाटली. या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करत चार वर्षं गेली. मध्ये कानावर आलं की उस्तादांचे हात थरथरतात, काम बंद झालंय. तरी हा गेला नाही. आणि आता म्हणे माणूसच गेला.

त्यानं उस्तादांचा नंबर लावला. छबुबाई काकू उचलतील, काय बोलायचं, या विचारानंच त्याला घाम फुटला. फोन उचलला गेला.

"कोण हाय?"

तोच आवाज, पत्र्यावर कानस घासल्यासारखा. खुद्द उस्ताद. त्रिंबकनं घाबरून फोन कट केला. जिवंत माणसाचा आवाज ऐकून एवढं घाबरलेला माणूस गेवराईनं त्याआधी पाहिला नसेल. मग त्याला हसू आलं, डोळेही भरले, आणि आनंद व्हावा की भीती वाटावी ते त्याचं त्यालाच उमजेना.

शेवटी तो अमरसिंहच्या दुकानी गेला. अमरसिंह तांब्याची तार, इन्सुलेशन पेपर, बेअरिंग असलं सामान विकतो. त्याचा दिवस वाइंडरांतच जातो. त्यानं त्रिंबकला बघितल्याबरोबर स्टूल पुढे केलं आणि चेहरा पाडला. त्रिंबक म्हणाला, चेहरा राहू द्या शेठ, मोबाइल दाखवा.

मोबाइलवर जाहिरात लागली. त्रिंबकचं दुकान, त्रिंबकचे हात, फरम्यावर वळली जाणारी तार. मग भिंतीवरचा उस्तादांचा फोटो, त्याला झेंडूचा हार, खाली कुंकू लावलेली पक्कड आणि हातोडी. मागं बासरी. एक बाई भिजल्या आवाजात सांगत होती: ज्या हातांनी शिकवलं ते हात आज नाहीत, पण त्यांनी दिलेलं कसब प्रत्येक कॉइलमध्ये जिवंत आहे. आणि मग त्रिंबक रडला. मोठा करून दाखवलेला त्याचा चेहरा, नाकातलं पाणी मनगटानं पुसताना. शेवटी कंपनीच्या तारेचं रीळ फिरलं आणि जाहिरात संपली. खाली पाच-सहाशे लोकांनी हात जोडले होते, आणि त्यातले अर्धेअधिक वाइंडर.

आता त्याला हळूहळू आठवलं. दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी पुण्याची एक तार बनवणारी कंपनी शूटिंगला आली होती. सायली नावाची गोड बोलणारी मुलगी होती. ती म्हणाली, आम्हाला आमच्या तारेबद्दल काही नको, तुमची गोष्ट सांगा, कारागिराला कारागिराचीच गोष्ट पटते. त्रिंबकला गोष्ट म्हणजे काय तेच कळेना. त्यानं आपलं उस्तादांचं सांगितलं, कसे मारायचे, कसे शिकवायचे. सांगता सांगता रडू फुटलं. आणि भिंतीवर हार होताच. त्रिंबक खंडेनवमीला हत्यारं पुजतो तेव्हा उस्तादांचा फोटोही पुजतो, कारण त्याच्या लेखी तेही हत्यारांइतकेच पूजेचे. हार सुकेपर्यंत तसाच राहतो. गल्लीत हे सगळ्यांना माहीत. पुण्याच्या माणसांनी मात्र फोटोला हार बघितला, समोर रडणारा माणूस बघितला, आणि भल्या माणसांनी असं काही खोदून विचारू नये म्हणून विचारलंच नाही. तिथंच घोळ झाला.

त्यानं सायलीला फोन लावला. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. माफ करा म्हणाली, मनापासून म्हणाली. मग असंही म्हणाली की जाहिरात फारच छान चालली आहे, वाइंडर लोक शेवटपर्यंत बघतात. माझ्या बायकोला का नाही दिसली, असं त्रिंबकनं विचारलं. कारण ती फक्त मोटारीचं काम करणाऱ्यांनाच दाखवतात, असं तिनं समजावलं. जे दिवसभर वाइंडिंगचे व्हिडिओ बघतात त्यांना शोधून शोधून दाखवतात. त्रिंबक सुन्न झाला. म्हणजे जिथं आपली अब्रू, नेमकं तिथंच. आणि त्याला एकदम आठवलं, बंकट मागं म्हणाला होता: उस्तादांना आता काम होत नाही, दिवसभर मोबाइलवर दुसऱ्यांचं वाइंडिंग बघत बसतात.

त्यानं सायलीला सांगितलं, आत्ताच्या आत्ता काढा. ती म्हणाली, वरिष्ठांना विचारते. त्रिंबकनं त्या दिवशी तिला चौदा वेळा फोन केला. विनवलं, ओरडला, एकदा तर 'ताई, तुमच्याही वडलांना असा हार घालू का' असं नको ते बोलून गेला आणि लगेच माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिचा मेसेज आला: जाहिरात बंद केली आहे. त्रिंबकनं बंकटला आणि अमरसिंहला आपापल्या मोबाइलवर शोधायला लावलं. खरंच नव्हती. मग त्यानं शर्ट बदलला, गाडी काढली आणि तो तलवाड्याच्या रस्त्याला लागला. निदान एवढं तरी सांगता येईल, उस्ताद, तुमचं मरण मी पुसून टाकलं. वाटेत तो हेच वाक्य घोळवत होता.

उस्तादांच्या दारासमोर सहा मोटारसायकली उभ्या. त्रिंबकच्या काळजात धस्स झालं. आत गेला तर पडवीत माणसं बसलेली, चहा फिरत होता, आणि मध्ये खाटेवर सुंदरराव, पांढरं धोतर, मांडीवर दोन्ही हात. हात थरथरत होते, चेहरा मात्र लखलखीत. जमलेले सगळे जुने चेले. कुणी वीस वर्षांनी आलेला, कुणी अंबाजोगाईहून. रडायला आले आणि जिवंत उस्ताद बघून तिथंच बसले. छबुबाईंनी त्रिंबकला बघितलं आणि डोळ्यांनीच 'बस' म्हटलं. म्हणाल्या, परवापासनं दाराला खंड न्हाई. काल तर एकोणीसजण आले. उस्ताद कुणाला त्याची जुनी चूक आठवून देत होते, कुणाला स्लॉटमध्ये पेपर कसा बसवायचा ते पुन्हा सांगत होते. शिव्याही चालू होत्या. घरात लग्न असल्यासारखं वातावरण.

त्रिंबक कोपऱ्यात टेकला. रागावलेला उस्ताद त्यानं मनात शंभर वेळा बघितला होता. हा उस्ताद त्याच्या हिशेबातच नव्हता. दुपार झाली तशी माणसं एकेक करून उठली. पडवी रिकामी झाली. मग सुंदररावांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी जिवंत हाय हे तुला ठावं व्हतं का न्हाई?"

"व्हतं, उस्ताद."

"मग रडलास कावून?"

त्रिंबकनं तोंड उघडलं. तो हार, ती खंडेनवमी, ती पुण्याची मुलगी, सगळं सांगावं असं वाटलं, पण विचारलं होतं रडण्याबद्दल, आणि रडणं खरं होतं. त्यानं खाली बघितलं.

"चार वर्षं आलो न्हाई म्हणून."

छबुबाई आतून म्हणाल्या, रोज तेवढंच लावून बघत्यात, तू रडतोस तेवढं. त्यावर उस्तादांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्रिंबकला वाटलं, हीच वेळ. तो मोठ्या उमेदीनं सांगायला लागला की त्यानं कंपनीशी भांडून भांडून जाहिरात काढायला लावली, आज सकाळी काढली, आता कुणालाही दिसणार नाही, उस्तादांची बदनामी संपली. बोलता बोलता त्यानं वर बघितलं, आणि त्याचं बोलणं अडखळलं.

सुंदररावांचा चेहरा उतरला होता. त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर अंगणात आता एकट्या त्रिंबकची गाडी उभी होती.

"कावून काढलीस?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून त्रिंबकला जास्त लागलं. "मान्सं येत व्हती रं."

त्रिंबक खुळ्यासारखा बसून राहिला. सायलीला पुन्हा फोन करावा का? परत लावा म्हणून सांगावं का? चौदा फोन करून काढायला लावलेली गोष्ट, परत लावायला किती फोन करावे लागतील? खरं की खोटं, चांगलं की वाईट, त्याला काहीच कळेना. उस्ताद मेलेले बरे होते की काय, असा भलताच विचार त्याच्या मनात आला आणि तो स्वतःवरच चरकला.

उस्तादांनी थरथरत्या हातानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत घातला. त्याला बराच वेळ लागला. त्रिंबकला मदत करावीशी वाटली, पण धीर झाला नाही.

"आता कुणी येणार न्हाई," ते म्हणाले. "तुला यावं लागंल. दर आइतवारी."

"येतो, उस्ताद."

"खरं येशील, का तुज्या त्या जाहिरातीवानी?"

त्रिंबकनं मनातल्या मनात बोटांवर वार मोजले. त्या दिवशी वार सोमवार होता, आइतवाराला अजून सहा दिवस होते.